मराठी मार्केटिंग मेलचं प्लेन टेक्स्ट व्हर्जन: हाताने का लिहायचं आणि कसं

प्रश्न थोडक्यात असा आहे. देवगडला घरची हापूसची बाग आहे. पुण्या-मुंबईच्या ग्राहकांना थेट पेट्या जातात आणि हंगामात दर आठवड्याला मराठीतून एक मेल जातो. त्याचं डिझाइन ओळखीच्या एका मुलाने छान करून दिलं आहे. मेल पाठवणारी सेवा त्याचं प्लेन टेक्स्ट व्हर्जन, म्हणजे चित्रं-रंग नसलेलं नुसत्या अक्षरांचं रूप, आपोआप बनवते, म्हणून तिकडे कधी कुणी पाहिलं नाही. परवा एका जुन्या ग्राहकाने स्क्रीनशॉट पाठवला: भाव नाही, आंबा नाही, नुसती लिंकांची रांग आणि मध्ये मध्ये तुटकी अक्षरं. हे प्लेन टेक्स्ट आता कोण वाचतं, आणि कुणी वाचत असेल तर ते नीट कसं करायचं?

आधी उत्तर देतो, मग कारणं. ते व्हर्जन दर मेलला हाताने लिहा, आणि डिझाइनला हात घालण्याआधी लिहा. इंग्रजी मेलचा यंत्राने काढलेला साधा मजकूर ओबडधोबड असतो, पण वाचता येतो. मराठीचा बरेचदा वाचताच येत नाही, कारण वाटेत भाषाच मोडते. गेली चौदा वर्षं मी मराठीतून मेल पाठवणाऱ्यांचं काम करतो आहे: प्रकाशक, सहली काढणारे, दिवाळीचा फराळ परदेशी पाठवणारे. या एका कोपऱ्याकडे होतं तितकं दुर्लक्ष दुसऱ्या कशाकडेच होत नाही. तुमच्या ग्राहकाने स्क्रीनशॉट काढून पाठवण्याची तसदी घेतली. बाकीचे न वाचताच मेल पुसून टाकतात आणि तुम्हाला ते कळतही नाही.

मेल आतून कसा असतो ते माहीत असलं की पुढचं सगळं सोपं जातं. मेलमध्ये निरनिराळ्या प्रकारचा मजकूर कसा भरायचा याचा ‘माइम’ हा नियम १९९२ मध्ये आला आणि १९९६ मध्ये आज चालतो त्या रूपात ठरला. त्यात ‘मल्टिपार्ट अल्टर्नेटिव्ह’ नावाची सोय आहे: एकाच पाकिटात त्याच गोष्टीची दोन पत्रं, एक साधं आणि एक सजवलेलं. क्रमही ठरलेला आहे. साधं आधी, सजवलेलं शेवटी. वाचणारं ॲप आपल्याला समजेल असं शेवटचं पत्र उचलतं. जीमेल सजवलेलं, म्हणजे एचटीएमएल दाखवतं, म्हणून तुम्हाला दुसरं पत्र कधी दिसलंच नाही. पण ते प्रत्येक पाकिटात आहे आणि प्रत्येक ग्राहकाच्या घरी तुमच्या नावाने पोचतं आहे.

ते कोण उघडतं? थंडरबर्ड या मेल ॲपमध्ये मेल फक्त साध्या मजकुरात दाखवण्याची सोय आहे आणि ती जाणूनबुजून लावणारे लोक आहेत. टर्मिनलवर, म्हणजे नुसती अक्षरं दाखवणाऱ्या खिडकीत, मट (Mutt) किंवा अल्पाइन या ॲपमध्ये मेल वाचणारे आहेत. अमेरिकेत किंवा बंगळुरूला काम करणारे आणि पुण्यातल्या आईवडिलांसाठी पेटी मागवणारे तुमचे संगणक अभियंते ग्राहक बरेचदा यातलेच. काही कार्यालयांत सुरक्षेसाठी एचटीएमएल काढून टाकून मेल आत सोडतात. आणि एक वाचक कायमचा असतो, तो म्हणजे स्पॅम फिल्टर. स्पॅमअसॅसिन हे जुनं, आजही अनेक सर्व्हरांवर चालणारं फिल्टर. त्यात मेलमध्ये फक्त एचटीएमएल असेल तर लागणारा एक नियम आहे, आणि साधा व सजवलेला मजकूर एकमेकांशी जुळत नसेल तर लागणारा वेगळा. या नियमांचे गुण थोडे असतात आणि प्लेन टेक्स्ट लिहिलं म्हणून मेल हमखास इनबॉक्समध्ये जाईल असं मी म्हणणार नाही. मोठ्या सेवा मुख्यतः पाठवणाऱ्याची पत बघतात. पण जी गोष्ट आपल्या हातात आहे ती तरी बिघडलेली असू नये.

आता मुख्य मुद्दा, मराठी कुठे मोडते. तुमच्या स्क्रीनशॉटसारखी चित्रं मी इतक्यांदा पाहिली आहेत, की आता नुसत्या अक्षरांवरून दोष कुठे आहे ते सांगता येतं. तुम्हालाही येईल.

डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन ‘ए’ आणि त्याला चिकटून चार कानांचं छोटं वर्तुळ, अशी जोडी पुन्हा पुन्हा दिसत असेल, तर मजकूर यूटीएफ-८ या, जगभरच्या लिप्या साठवण्याच्या पद्धतीतच आहे, पण ‘हा यूटीएफ-८ आहे’ हे सांगणारी ओळ त्या भागाच्या माथ्यावर नाही किंवा चुकीची आहे. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये तीन बाइटचं (बाइट म्हणजे संगणकाच्या साठवणुकीचं छोटं एकक) असतं आणि बहुतेकांचे पहिले दोन बाइट सारखेच असतात. तेच दोन बाइट युरोपीय अक्षरं म्हणून वाचले की ही जोडी उमटते. दुरुस्ती सोपी आहे. साध्या भागाचा कॅरेक्टर सेट, म्हणजे ती माथ्यावरची ओळ, यूटीएफ-८ करा. एचटीएमएल भागाला तो लावलेला असतो आणि साध्या भागाला विसरलेला, हे फार वेळा होतं.

नुसती प्रश्नचिन्हं दिसत असतील, प्रत्येक चिन्हाच्या जागी एक, तर मजकूर पाठवण्याआधीच गेलेला आहे. मधल्या कुठल्या तरी पायरीने देवनागरी न समजणाऱ्या अक्षरसंचात तो बदलला. पोचलेल्या मेलमधून तो परत मिळवता येत नाही. पाठवणाऱ्या यंत्रणेतली ती पायरी शोधून बदलावी लागते.

मजकूर बहुतांशी नीट आणि मध्येच एखादं काळ्या चौकटीतलं प्रश्नचिन्ह असेल, तर कुणीतरी अक्षर मधोमध कापलं आहे. हा दोष मराठीत जास्त दिसतो आणि त्याचं कारण मजेशीर आहे. मेलच्या नियमांप्रमाणे एका ओळीत ९९८ पेक्षा जास्त चिन्हं चालत नाहीत. नियम इंग्रजी डोळ्यांसमोर ठेवून झालेला, एक अक्षर म्हणजे एक बाइट. मराठीचा अख्खा परिच्छेद एका ओळीत ठेवला आणि कुठलंही एन्कोडिंग, म्हणजे पाठवण्यासाठीचं रूपांतर, न करता पाठवला, तर मध्ये जागा सोडलेल्या धरूनसुद्धा साडेतीनशे-पावणेचारशे चिन्हांत ती मर्यादा संपते. मग वाटेतला एखादा सर्व्हर तिथे ओळ तोडतो, आणि तो बाइट मोजत असल्यामुळे ‘पू’ तला ‘प’ दोन तुकड्यांत जातो. उपाय म्हणजे साधा भाग बेस-६४ किंवा कोटेड-प्रिंटेबल या एन्कोडिंगने पाठवणं. दोन्हींत ओळ ७६ चिन्हांवर सुरक्षित तोडली जाते आणि वाचणाऱ्याकडे ती पुन्हा जोडली जाते. मराठीसाठी मी बेस-६४ घेतो. ‘हापूस’ हा शब्द डोळ्यांना तीन अक्षरांचा, युनिकोड या सगळ्या लिप्यांच्या सामायिक चिन्हयादीत पाच चिन्हांचा आणि यूटीएफ-८ मध्ये पंधरा बाइटचा आहे. बेस-६४ मध्ये त्याची वीस चिन्हं होतात, कोटेड-प्रिंटेबलमध्ये पंचेचाळीस. इंग्रजीला कोटेड-प्रिंटेबल बरं पडतं, म्हणून बहुतेक सेवांत तेच आधीपासून लावलेलं असतं.

चौथा प्रकार सगळ्यांत दुःखाचा. मजकुरात असंबद्ध रोमन अक्षरं, कंस, स्वल्पविराम, आणि त्यांतून काहीच लागत नाही. म्हणजे मूळ मजकूर श्रीलिपी किंवा तशा जुन्या, युनिकोडपूर्व फाँटमध्ये टाइप केलेला आहे. त्या पद्धतीत खरी साठवलेली अक्षरं रोमनच असतात. फाँट त्यांच्यावर मराठीचं चित्र चढवतो. डिझाइनमध्ये तो मजकूर चित्र म्हणून गेला, त्यामुळे कळलं नाही. प्लेन टेक्स्टमध्ये फाँट नावाची गोष्टच नसते. मराठीचं सोंग गळून पडतं आणि खालचं उघडं पडतं. छापखान्यातून किंवा जाहिरात करणाऱ्यांकडून आलेला मजकूर थेट चिकटवला की हे होतं. युनिकोडमध्ये बदलणारी साधनं आहेत, पण बदलून झाल्यावर जोडाक्षरं आणि रफार डोळ्यांनी तपासा. यंत्र तिथे हटकून चुकतं.

आणि आता ज्यासाठी मी हे उत्तर लिहायला बसलो ती गोष्ट. ही स्क्रीनशॉटमध्ये चटकन दिसतही नाही.

डिझाइन केलेल्या मेलच्या सुरुवातीला एक अदृश्य पट्टा असतो. इनबॉक्समध्ये विषयाच्या पुढे एक-दोन ओळींची झलक दिसते. त्या झलकेत नको तो मजकूर येऊ नये म्हणून डिझायनर तिथे शंभरेक अदृश्य चिन्हं भरतात: शून्य रुंदीची, न दिसणारी. यंत्र साधा मजकूर काढताना ती तशीच उचलतं आणि पहिल्या काही ओळी रिकाम्या किंवा चौकोनांनी भरलेल्या दिसतात. मग कुणीतरी हुशारीने ‘सगळी अदृश्य चिन्हं काढून टाका’ अशी स्क्रिप्ट लावतं. इंग्रजीत त्याने काही बिघडत नाही. मराठीत मात्र त्यांतलंच एक चिन्ह, झिरो विड्थ जॉइनर, अर्थ वाहतं. ‘दऱ्या’ मधला तो चंद्रकोरीसारखा र दोन प्रकारे लिहिता येतो. एक, नुक्त्याच्या, म्हणजे खाली टिंब असलेल्या ‘ऱ’ ला हलन्त आणि पुढे ‘या’. दुसरा, साध्या ‘र’ ला हलन्त, मग हा जॉइनर, मग ‘या’. दिसायला दोन्ही सारखे. स्क्रिप्टने जॉइनर काढला की दुसऱ्या प्रकारातल्या ‘दऱ्या’ चं ‘दर्या’ होतं. एका सहलीच्या मेलमध्ये सह्याद्रीतल्या दऱ्यांचा असा समुद्र झालेला मी पाहिला आहे. स्वयंपाक करणारे आचारी आचार्य होतात. आणि तुमच्या मेलमध्ये ‘येणाऱ्या आठवड्यात’, ‘पिकणाऱ्या फळांना’, ‘मागवणाऱ्यांना’ यांतला प्रत्येक ‘ऱ्या’ बिघडतो. वाचणाऱ्याला वाटतं, यांना मराठी लिहिता येत नाही.

यावर उपाय पाच मिनिटांचा आहे. पाठवण्यापूर्वी मजकुरातले जॉइनरवाले सगळे र शोधून त्या जागी नुक्त्याचा ऱ घाला. म्हणजे कुणी कितीही चाळण्या लावल्या तरी अक्षर टिकतं. मी हे प्रत्येक मजकुराला करतो, अगदी दोन ओळींच्या पोचपावतीलाही.

भाषेचं झालं. आता यंत्र मजकुराचं काय करतं ते पाहा. तुमच्यासारख्या मेलमधून साधारण हे निघतं:

[चित्र]
[चित्र]
आत्ताच मागवा
(दोनशे अक्षरांची लिंक)
४ डझन ५ डझन मोठं मध्यम
४,२०० ४,०००
[चित्र]
अधिक माहिती
(दोनशे अक्षरांची लिंक)
आम्हाला फॉलो करा
(लिंक) (लिंक) (लिंक)

बॅनरवर ‘देवगड हापूस, पाडव्याची पहिली पेटी’ असं सुंदर अक्षरांत होतं, पण ते चित्रात होतं, म्हणून गेलं. भौगोलिक मानांकनाचा लोगो चित्र होता, तोही गेला. २०१८ मध्ये कोकणच्या हापूसला मिळालेलं ते मानांकन तुमच्या मेलमधली विश्वासाची पहिली गोष्ट आहे आणि तिचा एक शब्द उरला नाही. भावाचा तक्ता कोसळला आणि ४,२०० नेमके कशाचे हे आता ग्राहकाने ओळखायचं.

तक्त्याबद्दल जरा थांबतो. इंग्रजीत साध्या मजकुरातला तक्ता मध्ये मोकळ्या जागा सोडून जुळवता येतो, कारण समान रुंदीच्या फाँटमध्ये प्रत्येक अक्षर तेवढीच जागा घेतं. देवनागरीत ते जमत नाही. ‘क्ष्म्य’ आणि ‘र’ एका मापात बसत नाहीत, आणि मात्रा-अनुस्वार जागा घेत नसले तरी मोजणीत येतात. म्हणून मराठी प्लेन टेक्स्टमध्ये तक्ता काढायचाच नाही. प्रत्येक भाव पूर्ण वाक्यात, आपापल्या ओळीवर. तसंच मथळ्यांचं. इंग्रजीवाले ठळक करायचं ते मोठ्या लिपीत लिहितात. आपल्याकडे मोठी-छोटी लिपी नाही. ‘सूचना!!!’ असं ओरडायची गरजही नाही. महत्त्वाचं वाक्य एकटं ठेवा, वर-खाली एक-एक ओळ रिकामी सोडा. डोळा तिथे आपोआप थांबतो. बरोबरच्या खुणांच्या किंवा ताऱ्यांच्या लांबलचक रेघा ओढू नका. स्क्रीन रीडरवर ऐकणाऱ्याला त्या एकेक करून ऐकाव्या लागू शकतात. (प्लेन टेक्स्ट म्हणजे दृष्टिहीनांसाठीचं व्हर्जन असा एक समज आहे, तो बरोबर नाही. नीट मथळे लावलेलं एचटीएमएल त्यांना जास्त सोयीचं असतं, कारण मथळ्यावरून मथळ्यावर उडी मारता येते. म्हणून तिकडच्या चित्रांना पर्यायी मजकूर द्यायचं काम प्लेन टेक्स्ट लिहून सुटत नाही.)

मी तुमच्या मेलचं प्लेन टेक्स्ट असं लिहीन. भाव आणि दिवस नमुन्याचे आहेत.

नमस्कार,

यंदाची पहिली तोड झाली. पाडव्याला घरात आंबा हवा असेल तर ही पेटी त्यासाठीच आहे. फळ आमच्या देवगडच्या बागेतलं, भौगोलिक मानांकन असलेला हापूस.

पाच डझनी पेटी, मध्यम फळ: ₹ ४,०००, पुण्यात घरपोच.
चार डझनी पेटी, मोठं फळ: ₹ ४,२००, पुण्यात घरपोच.
मुंबई-ठाण्याला पेटीमागे ₹ १०० जास्त.

ऑर्डर शनिवारी संध्याकाळपर्यंत द्या. पेट्या सोमवारी निघतील, मंगळवारी मिळतील.

ऑर्डर इथे:
(लिंक, या ओळीवर एकटी)

किंवा या मेलला उत्तर द्या. किती पेट्या आणि कुठला पत्ता, एवढं लिहिलं तरी पुरे.

फळ घरी तयार व्हायला चार-पाच दिवस लागतील. पेटी आली की उघडून गवतासकट हवेशीर जागी ठेवा. कच्चं फळ फ्रीजमध्ये ठेवू नका, ते नीट पिकत नाही.

(तुमचं नाव, बागेचा पूर्ण टपाल पत्ता, फोन)

हे मेल यापुढे नको असतील तर:
(लिंक)

हे पत्र आहे. डिझाइन काढून टाकल्यावर उरलेला सांगाडा नाही. पाच डझनी पेटी म्हणजे काय, हे तुमच्या ग्राहकाला समजावावं लागत नाही. पण ती पुण्यात कधी पोचेल आणि पाडव्यापर्यंत पिकेल का, हा त्याचा खरा प्रश्न आहे, आणि डिझाइन केलेल्या मेलमध्ये त्याचं उत्तर कुठेच नव्हतं. असं दर वेळी होतं. प्लेन टेक्स्ट आधी लिहायला बसलं की काय राहून गेलं ते दिसतं, कारण लपायला चित्र नसतं. म्हणून मी म्हटलं की डिझाइनच्या आधी लिहा. तोच मजकूर मग डिझाइन करणाऱ्याला द्या.

दोन्ही व्हर्जनांत भाव, तारखा, अटी अगदी सारख्या हव्यात. शब्द सारखे असायची गरज नाही. इथे एक सापळा आहे: बहुतेक सेवांत तुम्ही साधं व्हर्जन एकदा हाताने बदललं की एचटीएमएलमधले नंतरचे बदल तिकडे आपोआप जात नाहीत. शेवटच्या क्षणी डिझाइनमध्ये भाव बदलला आणि साध्यात जुना राहिला, तर ज्या ग्राहकाने साधं वाचलं तो जुन्याच भावाने पेटी मागेल. आणि तो बरोबर असेल. तुम्ही त्याला तोच भाव लिहून पाठवला होता. म्हणून भाव बदलला की दोन्हीकडे हात फिरवायचा, हे पाठवणाऱ्याच्या यादीत लिहून ठेवा. शहराप्रमाणे वेगळा मजकूर दाखवणाऱ्या अटी एचटीएमएलमध्ये लावल्या असतील, तर त्या साध्या भागातही वेगळ्या लावाव्या लागतात. नाहीतर ठाण्याच्या ग्राहकाला पुण्याची, नाशिकची, कोल्हापूरची सगळी वेळापत्रकं एकाखाली एक मिळतात.

नाव घालायच्या जागेचंही तसंच. नाव नसेल तर ‘नमस्कार ,’ असा लंगडा स्वल्पविराम उरतो. मी नाव वगळून नुसतं ‘नमस्कार’ लिहिणं पसंत करतो. घालायचंच असेल तर नावाला प्रत्यय लावू नका आणि क्रियापद ‘तुम्ही’ चं ठेवा, म्हणजे समोर बाई आहे की पुरुष हा प्रश्न येत नाही.

लिंकांकडे वळू, कारण तुमच्या स्क्रीनशॉटमध्ये त्यांचीच गर्दी होती. साध्या मजकुरात लिंक शब्दामागे लपत नाही, अख्खा पत्ता उघडा दिसतो. हा दोष मानू नका. फसवणुकीच्या मेलांच्या काळात खरा पत्ता दिसणं ही चांगली गोष्ट आहे. पण म्हणूनच तो पत्ता तुमच्या नावाचा आणि छोटा हवा. सेवेने लावलेला मागोवा घेणारा दोनशे अक्षरांचा पत्ता बघून माणूस बिचकतो. आपल्याच डोमेनवर, म्हणजे स्वतःच्या वेबसाइटच्या नावावर, छोटा पत्ता करून घ्या. फुकटची लिंक छोटी करणारी सार्वजनिक सेवा वापरू नका. तिथे तुमच्या शेजारी स्पॅमवालेही बसलेले असतात आणि फिल्टर सगळ्यांना एकाच मापाने मोजतं. पानाच्या पत्त्यात मराठी शब्दही ठेवू नका. पत्त्यात देवनागरीचं प्रत्येक चिन्ह नऊ रोमन चिन्हांचं होतं. नुसता ‘आंबा’ छत्तीस चिन्हांचा होतो आणि कॉपी करून चिकटवला की कुणालाच वाचता येत नाही.

आणि मराठीची खास खबरदारी: पत्त्याला प्रत्यय चिकटवू नका. आपण बोलतो तसं ‘अमुक पत्त्यावर जा’ लिहिताना हात आपोआप पत्त्याला ‘वर’ जोडतो. ॲप तो ‘वर’ पत्त्याचाच भाग धरतं आणि लिंक कुठेच जात नाही. वाक्याचा पूर्णविराम चिकटला तरी काही ॲप्समध्ये तेच होतं. म्हणून वर नमुन्यात लिंक एकटी, स्वतंत्र ओळीवर आहे. आधीच्या ओळीत ती कशाची ते सांगा, पुढे काही लिहू नका. एका मेलमध्ये दोन लिंका पुष्कळ झाल्या, एक ऑर्डरची आणि एक यादीतून नाव काढून घेण्याची. फोन नंबर मात्र इंग्रजी अंकांत लिहा. देवनागरी अंकांतला नंबर फोनने ओळखून डायल करण्याजोगा केला, तर नशीब म्हणायचं.

नाव काढून घेण्याची लिंक साध्या मजकुरात राहून जाणं ही मला सर्वांत गंभीर चूक वाटते. ज्याला मेल नको आहे त्याला दारच सापडत नाही, मग तो ‘स्पॅम’ चं बटण दाबतो आणि ते तुम्हाला महागात पडतं. २०२४ पासून जीमेलवर दिवसाला ५,००० हून जास्त मेल पाठवणाऱ्यांना एका क्लिकमध्ये नाव काढण्याची सोय मेलच्या हेडरमध्ये, म्हणजे माथ्यावरच्या तपशिलांत, द्यावी लागते आणि मजकुरातही तशी लिंक स्पष्ट दिसावी लागते. स्पॅमच्या तक्रारी ०.३ टक्क्यांच्या खाली ठेवाव्या लागतात. तुमची यादी लहान असेल, तरी मी हे पाळाच म्हणेन. आपल्याकडच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यातही संमती देणं जितकं सोपं तितकंच ती मागे घेणं सोपं असावं असं तत्त्व आहे. अमेरिकेतल्या ग्राहकांना पाठवत असाल तर तिथल्या २००३ च्या कॅन-स्पॅम कायद्याप्रमाणे मेलमध्ये टपालाचा खरा पत्ता हवा. पत्ता डिझाइनच्या तळपट्टीच्या चित्रात असेल तर साध्या भागात तो नसतोच.

तळाच्या मजकुराआधी दोन आडव्या रेघा आणि एक मोकळी जागा, अशी ओळ टाकू नका. मेलच्या जुन्या रिवाजाप्रमाणे ती सहीची खूण आहे. काही ॲप्स तिच्याखालचं सगळं फिकट दाखवतात, उत्तर देताना गाळून टाकतात. एकाने शोभेसाठी ती ओळ भावाच्या वर टाकली होती आणि उत्तर देणाऱ्यांच्या मेलमधून भाव गायब होत होते. कारण शोधायला आम्हाला दोन दिवस लागले.

हाताने ओळी तोडायच्या का, हे बरेच जण विचारतात. जुना सल्ला ६५ चिन्हांवर ओळ तोडा असा आहे. फोनवर ती तोडलेली ओळ पुन्हा अर्ध्यात तुटते आणि मजकूर दातेरी दिसतो. शिवाय मराठीत ६५ चिन्हं म्हणजे नेमकं किती हे कुणी सांगू शकत नाही. मी परिच्छेद सलग ठेवतो, लहान ठेवतो, आणि तोडायचं काम वर सांगितलेल्या एन्कोडिंगवर सोडतो.

तपासणी जीमेलमध्ये होत नाही. तिथे मूळ संदेश पाहण्याचा पर्याय आहे, पण बेस-६४ मुळे तिथे अक्षरांचं जाळंच दिसेल. घाबरू नका, ते बरोबर आहे. त्यात फक्त साधा भाग आधी आहे का आणि दोन्ही भागांवर यूटीएफ-८ लिहिलंय का एवढं पाहा. खरी तपासणी थंडरबर्डमध्ये करा. मेन्यूत मेसेज बॉडी साध्या मजकुरात दाखवण्याचा पर्याय निवडा आणि सुरुवातीपासून शेवटपर्यंत मोठ्याने वाचा. ‘अँपरसँड एनबीएसपी’ सारखे एचटीएमएलचे तुकडे कुठे राहिलेत का, ‘इथे क्लिक करा’ असं लिहून पुढे काहीच नाही असं झालंय का, प्रत्येक ‘ऱ्या’ शाबूत आहे का. प्रत्येक लिंक उघडून बघा. मग घरातल्या ज्येष्ठ माणसाला, तुमच्या वडिलांना, फक्त तो मजकूर वाचायला द्या आणि विचारा, पेटी कधी मिळणार आणि किती पैसे द्यायचे. त्यांना शोधावं लागलं तर पुन्हा लिहा.

राहिला हिशोबाचा प्रश्न. साध्या मजकुरात मेल उघडल्याचं मोजणारं अदृश्य चित्र नसतं, त्यामुळे ते वाचणारे तुमच्या आकड्यांत ‘न उघडलेले’ दिसतात. आणि सप्टेंबर २०२१ पासून ॲपलचं मेल ॲप, ग्राहकाने त्यातली खाजगीपणा जपणारी सोय चालू केली असेल तर, चित्रं आधीच उतरवून ठेवतं, त्यामुळे न वाचणारेही ‘उघडलेले’ दिसतात. त्या आकड्यावरून कुणाचंही नाव यादीतून काढू नका. तुम्हाला स्क्रीनशॉट पाठवणारा ग्राहक तुमच्या सेवेच्या लेखी बहुधा कित्येक हंगाम मेल न उघडणारा ग्राहक असेल. ऑर्डरी मोजा, आलेली उत्तरं मोजा.

आणि काही मेल तर निव्वळ साधेच पाठवा, एचटीएमएल न लावता. अवकाळी पावसाने मोहोर गळला, पेट्या आठवडाभर उशिरा निघणार, ज्यांनी पैसे भरलेत त्यांना सांगायचं आहे. अशा वेळी बॅनर, बटणं, आंब्यांचे फोटो लावून माफी मागू नये. चार परिच्छेद, तुमच्या नावाने, उत्तर देता येईल अशा पत्त्यावरून. तुमच्या ग्राहकाला उत्तरही तसंच द्या: बिघाड कळवल्याबद्दल आभार, भाव आणि ऑर्डरची लिंक साध्या मजकुरात, आणि पुढच्या आठवड्याचा मेल त्याच्याकडे नीट दिसतो का ते कळवायची विनंती. थंडरबर्डमध्ये बघितलं तरी प्रत्यक्ष त्याच्या स्क्रीनवर काय दिसतं हे तोच सांगू शकतो.